अमळनेरचा शेअर आणि एन्व्हिडियाचा भाव

(अमळनेर येथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

शेअर म्हणजे काय, हे अमळनेरच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. 1945 साली याच गावात वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी उभी राहिली. वनस्पती तूप आणि कपडे धुण्याचा साबण बनवणारी. तिचे भाग इथल्या शेतकऱ्यांनी घेतले, व्यापाऱ्यांनी घेतले. पुढे त्याच कंपनीची विप्रो झाली आणि जुन्या कागदांनी किती घरं उभी केली, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. म्हणून खान्देशात कुठेही गुंतवणुकीवर बोलायला उभा राहिलो की तरुण मुलं हाच प्रश्न विचारतात: आजची विप्रो कोणती? आणि उत्तरही त्यांनी आधीच ठरवलेलं असतं: अमेरिकेतली चिप-कंपनी एन्व्हिडिया.

मी हिशेब तपासण्याचं काम करतो. सेबीकडे नोंदलेला सल्लागार नाही, त्यामुळे घ्या किंवा विका असं सांगणार नाही. पण या प्रश्नात एक मोठी गल्लत आहे आणि ती कष्टाच्या पैशाशी खेळणारी आहे, म्हणून तिच्यावर सविस्तर बोलतो.

अमळनेरकरांनी ते भाग घेतले तेव्हा संगणकाचं भविष्य कुणी पाहिलं नव्हतं. गावातली कंपनी, ओळखीचा माल, थोडे पैसे. 1966 साली वडील वारले म्हणून अझीम प्रेमजी शिक्षण अर्धवट टाकून परत आले, आणि 1980 च्या सुमारास कंपनी संगणकाकडे वळली. अनेकदा बोनस मिळाले. ज्यांनी कागद ट्रंकेत तसेच राहू दिले, त्यांचं भलं झालं. त्यांची चिकाटी खरीच, पण त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की त्यांनी दिलेली किंमत फार थोडी होती. पुढच्या सगळ्या वाढीचे पैसे त्यांनी आधीच मोजलेले नव्हते.

याच गोष्टीचा दुसरा भाग गावात कमी सांगितला जातो. फेब्रुवारी 2000 मध्ये विप्रोचा भाव शिखरावर होता. त्या आठवड्यात ज्यांनी तोच शेअर घेतला, त्यांचे तीन चतुर्थांशाहून जास्त पैसे पुढच्या दीड-दोन वर्षांत गेले. कंपनी तीच, व्यवस्थापन तेच, आणि व्यवसाय तर त्यानंतर कितीतरी पट वाढला. फरक फक्त खरेदीच्या भावाचा होता.

आता एन्व्हिडियाकडे येऊ. कंपनी 1993 ची. संगणकावरच्या खेळांसाठी चित्रं रंगवणाऱ्या चिप बनवायची. 1999 मध्ये तिचा शेअर बाजारात आला. 2006 मध्ये त्यांनी क्युडा नावाची व्यवस्था आणली, तिच्यामुळे त्याच चिपवर कुठलंही मोठं गणित करता येऊ लागलं. तेव्हा या खर्चाला बाजारात फारशी किंमत नव्हती. 2012 मध्ये टोरंटोच्या संशोधकांनी खेळांसाठीच्या दोन साध्या एन्व्हिडिया कार्डांवर चित्र ओळखायला शिकणारा प्रोग्रॅम (न्यूरल नेटवर्क) तयार केला आणि जगाच्या लक्षात आलं की कृत्रिम बुद्धिमत्तेला लागणारी चिप ती हीच. कंपनीचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी सहा वर्षं आधी पेरलेलं तेव्हा उगवलं. हे कर्तृत्व निर्विवाद आहे आणि मला त्याबद्दल मनापासून आदर आहे.

आकडेही तसेच. जानेवारी 2023 ला संपलेल्या वर्षात विक्री सुमारे 2,700 कोटी डॉलर होती. दोन वर्षांत ती 13,000 कोटी डॉलरच्या वर गेली. ऑक्टोबर 2025 ला संपलेल्या एका तिमाहीतच 5,700 कोटींची विक्री आणि सुमारे 3,190 कोटींचा निव्वळ नफा झाला. इतक्या मोठ्या आकारावर इतकी वेगाने वाढ फार क्वचित पाहायला मिळते.

मग अडचण कुठे आहे? ऑक्टोबर 2025 मध्ये कंपनीचं बाजारमूल्य, म्हणजे तिच्या सगळ्या शेअरची मिळून किंमत, 5 लाख कोटी डॉलरला पोचलं. मुंबई शेअर बाजारातल्या सगळ्या कंपन्या एकत्र केल्या तर त्यांचं मूल्य तेव्हा त्याच्याच आसपास भरत होतं. ते मूल्य धरून एक हिशेब करू. तुमच्याकडे कागद असेल तर लिहून घ्या.

दहा वर्षांत दरसाल 12 टक्के परतावा हवा, ही अपेक्षा काही अवाजवी नाही. 12 टक्के चक्रवाढीने पैसा दहा वर्षांत 3.1 पट होतो. म्हणजे कंपनीचं मूल्य साडेपंधरा लाख कोटी डॉलरच्या आसपास जायला हवं. तोवर ती मोठी, स्थिरावलेली कंपनी असेल, तेव्हा नफ्याच्या 25 पट भाव धरू. मी तरी उदारपणेच धरतोय. मग वर्षाचा नफा हवा 62,000 कोटी डॉलर. वर सांगितलेल्या तिमाहीचा वेग कायम राहिला असं मानलं तर तेव्हाचा नफा वर्षाला 12,800 कोटींच्या घरात येतो. म्हणजे जवळजवळ पाच पट वाढ हवी. ती होऊही शकते. पण ती झाली तर तुम्हाला मिळतात फक्त 12 टक्के. श्रीमंत व्हायचं असेल तर त्याहूनही जास्त काहीतरी घडावं लागेल, आणि ते त्या भावात आधीच धरलेलं नसावं लागेल. भाव बदलला की हा हिशेब बदलतो, म्हणून तो दर तिमाहीला नव्याने करायचा.

इतिहासात डोकावायचं तर सिस्कोकडे पाहा. इंटरनेटची यंत्रं विकणारी कंपनी. मार्च 2000 मध्ये भाव 80 डॉलरला टेकला होता आणि काही दिवस ती जगातली सगळ्यात मूल्यवान कंपनी होती. इंटरनेट वाढेल हे म्हणणारे सगळे बरोबर ठरले. सिस्कोची विक्री त्या वर्षी 1,900 कोटी डॉलरच्या आसपास होती, ती पुढे अडीच पटीहून जास्त झाली. तरीही भावाला तो आकडा पुन्हा गाठायला डिसेंबर 2025 उजाडला. एन्व्हिडियाचं तसंच होईल असा माझा दावा नाही. आज तिला नफा आहे आणि तिच्या नफ्याच्या मानाने भाव सिस्कोच्या तेव्हाच्या भावापेक्षा कितीतरी कमी आहे. पण तंत्रज्ञानाबद्दलचा अंदाज बरोबर आणि गुंतवणूक चूक, असं होऊ शकतं हे लक्षात घ्या.

आता गिऱ्हाईक कोण, ते पाहू. माझ्या मते या कंपनीचं खरं मूल्यमापन इथे होतं. आपल्याकडे कापसाला तेजी आली की जिनिंगवाले नवी यंत्रं घेतात, आणि यंत्रं विकणाऱ्याचा हंगाम सोन्याचा होतो. पुढच्या वर्षी जिन चालूच असते, कापूसही येतो, पण नवं यंत्र कुणाला नको असतं. एन्व्हिडिया यंत्र विकणारी आहे. मायक्रोसॉफ्ट, गुगल, अ‍ॅमेझॉन आणि मेटा या चार कंपन्यांचा भांडवली खर्च 2025 मध्ये मिळून 30,000 कोटी डॉलरच्या वर होता, आणि त्यातला मोठा वाटा अशा चिपवर गेला. त्यांच्या वाढीचा वेग जरी मंदावला, खर्च कमी नाही झाला, नुसता थबकला, तरी विकणाऱ्याची वाढ थांबते. जुलै 2025 ला संपलेल्या तिमाहीत कंपनीच्या विक्रीतले 39 टक्के दोनच थेट खरेदीदारांकडून आले. तेही बहुतेक सर्व्हर जुळवून पुढे देणारे असतात, तरी एवढं अवलंबन माझ्या डोळ्यांना खुपतं.

त्यात सप्टेंबर 2025 मध्ये एन्व्हिडियाने चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयमध्ये 10,000 कोटी डॉलरपर्यंत गुंतवण्याचा इरादा जाहीर केला. विकणाऱ्याने घेणाऱ्याला पैसा द्यायचा आणि त्या पैशातला काही भाग पुन्हा आपल्याच मालावर यायचा. यात बेकायदा काही नाही. पण अशा विक्रीला मी तेवढंच वजन देणार नाही, जेवढं स्वतःच्या कमाईतून आलेल्या मागणीला देईन. शेवटी प्रश्न असा आहे की या चिपवर चालणाऱ्या सेवांसाठी सामान्य ग्राहक आणि कारखाने किती पैसे देतात. ते पैसे पुरेसे आले तर खर्च टिकेल.

नफ्याचं प्रमाणही बघा. 2023 च्या जानेवारीअखेर ढोबळ नफा (विक्रीतून माल बनवण्याचा खर्च वजा केल्यावर उरतो तो) विक्रीच्या 57 टक्के होता, दोन वर्षांत 75 झाला. माल अपुरा आणि पर्याय थोडे, म्हणून मागेल तो भाव. गुगलच्या टीपीयू नावाच्या चिप, अ‍ॅमेझॉनची ट्रेनियम, एएमडीच्या चिप, सगळे या भावावरच डोळा ठेवून आहेत, आणि त्यातले काही तर एन्व्हिडियाचे गिऱ्हाईकच आहेत. विक्री तेवढीच राहून प्रमाण नुसतं 60 वर उतरलं तरी कामकाजाचा नफा जवळजवळ चौथ्या हिश्श्याने घटतो. क्युडावर वर्षानुवर्षं लिहिलेले प्रोग्रॅम ही तिची खरी तटबंदी. सवय मोडायला वेळ लागतो. पण मोठी गिऱ्हाइकं ती मोडण्यावर पैसा खर्च करताहेत.

चिप कंपनी आखते, घडवते मात्र तैवानची टीएसएमसी. एप्रिल 2025 मध्ये अमेरिकेने चीनला जाणाऱ्या एन्व्हिडियाच्या एच20 चिपवर बंधन घातलं, तर त्या एकाच निर्णयापायी 450 कोटी डॉलरचा बोजा हिशेबात आला. डीपसीक या चिनी कंपनीच्या स्वस्त एआयच्या बातमीने 27 जानेवारी 2025 ला एका दिवसात भाव सुमारे 17 टक्के पडला होता. याआधी 2008 मध्ये 80 टक्क्यांहून जास्त, 2018 च्या अखेरीस निम्म्याहून जास्त, 2021-22 मध्ये सुमारे दोन तृतीयांश, अशा घसरणी या शेअरने दाखवल्या आहेत. दीर्घ मुदत म्हणता ना? मग अशा घसरणीत पोरीच्या लग्नाचा किंवा ठिबकच्या हप्त्याचा पैसा त्यात नको.

व्याख्यानानंतर एका काकांनी विचारलं, "भाऊ, मग आते काय करानं?" मी म्हणालो, तुमच्याकडे अमेरिकी निर्देशांकाचा फंड असेल तर तुम्ही आधीच एन्व्हिडियाचे भागीदार आहात, 2025 च्या अखेरीस एसअँडपी 500 या अमेरिकी निर्देशांकामध्ये तिचा वाटा सात-आठ टक्क्यांच्या घरात होता. त्यावर वेगळा शेअर घ्यायचा तर वरचा हिशेब आपल्या हाताने करा, आणि तो कोणत्या भावाला जमतो ते आधी लिहून ठेवा. तो भाव आला नाही तर थांबा. थांबण्याला पैसे पडत नाहीत.

एका बाईंचा मुलगा पुण्यात आयटीत आहे, कंपनीने पगारासोबत अमेरिकी शेअर दिलेत. त्यांना मी तीन गोष्टी सांगितल्या. परदेशी शेअर एक असला तरी आयकर विवरणपत्रात शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता, भरायचा. 24 महिन्यांनंतर विकले तर नफ्यावर 12.5 टक्के कर, त्याआधी आपल्या उत्पन्नाच्या कर-टप्प्याप्रमाणे. आणि तिसरी गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते: अमेरिकेबाहेरच्या माणसाचं निधन झालं तर तिथल्या मालमत्तेतले पहिले 60,000 डॉलरच वारसाकरातून सुटतात, वरच्या रकमेवर दर 40 टक्क्यांपर्यंत जातो, आणि यासाठी भारताचा अमेरिकेशी करार नाही. रक्कम पन्नास लाख रुपयांच्या वर गेली असेल तर जाणकाराला विचारा, आणि खातं कुठे आहे, हे घरात निदान एका माणसाला माहीत असू द्या.