बोलोन्याची ओसरी

श्रोतेहो, उत्तर इटलीच्या प्रवासाला निघालेला माणूस फ्लॉरेन्सहून व्हेनिसला जाताना बोलोन्याचे स्थानक बहुधा गाडीच्या खिडकीतूनच पाहतो. माझी आग्रहाची विनंती आहे, की तिथे उतरावे आणि निदान दोन दिवस त्या शहरात पायी हिंडावे.

बोलोन्यात जे मुख्यतः पाहायचे, ते कोणत्याही संग्रहालयात नाही. ते रस्त्याच्या कडेला आहे. तिथल्या घरांचा पुढचा भाग कमानींवर तोललेला असतो आणि त्या कमानींच्या आत, वरच्या मजल्याच्या सावलीत, पादचाऱ्यांची वाट असते. इटालियन भाषेत तिला पोर्तिको म्हणतात. मला आपला ‘ओसरी’ हा शब्द तिच्या सर्वांत जवळचा वाटतो. मात्र आपली ओसरी त्या त्या घरापुरती असते आणि ही ओसरी शेजाऱ्याच्या ओसरीला, ती पुढच्या ओसरीला, अशी जोडली जात चालते. या वाटांची एकूण लांबी सुमारे 62 किलोमीटर भरते. 2021 साली युनेस्कोने त्यांतील निवडक भागांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

ही बांधणी शोभेसाठी सुरू झाली नाही. इथल्या विद्यापीठाचे स्थापनावर्ष परंपरेने 1088 मानतात. कायदा शिकण्यासाठी आल्प्सच्या पलीकडून विद्यार्थी येऊ लागले, आसपासच्या खेड्यांतून कारागीर आले, आणि तटबंदीच्या आत जागा अपुरी पडू लागली. तेव्हा घरमालकांनी वरचे मजले लाकडी तुळयांवर रस्त्याच्या अंगाला पुढे काढले आणि तो भार पेलेनासा झाला तेव्हा खाली खांब रोवले. सरळ शब्दांत सांगायचे तर हे अतिक्रमण होते.

अतिक्रमण पाडता येते किंवा त्याकडे डोळेझाक करता येते. बोलोन्याच्या नगरसत्तेने 1288 मध्ये तिसराच मार्ग काढला: नव्या घराला पोर्तिको असलाच पाहिजे आणि जुन्या घराला नसेल तर तो जोडला पाहिजे, असा नियमच तिने केला. उंची बोलोन्याच्या मापाने किमान सात फूट, म्हणजे सुमारे 2.66 मीटर असावी, जेणेकरून घोडेस्वारालाही खालून जाता यावे. जागा मालकाची, बांधकाम मालकाचे, डागडुजीही त्यानेच करायची, पण चालण्याचा हक्क मात्र सर्वांचा, अशी ही व्यवस्था आहे. मालकाला वर खोली मिळाली आणि वाटसरूला खाली छप्पर मिळाले. नगररचनेच्या इतिहासात इतका समंजस करार मला तरी दुसरा आठवत नाही.

सुरुवातीचे खांब लाकडाचे होते; 1568 च्या हुकुमाने ते विटांचे किंवा दगडाचे करणे बंधनकारक झाले. तरीही काही लाकडी खांब टिकले. स्त्रादा माज्जोरे या रस्त्यावरील तेराव्या शतकातल्या कासा इसोलानी या घरापाशी अवश्य थांबावे. सुमारे नऊ मीटर उंचीच्या ओकच्या खांबांवर तिसरा मजला तोललेला पाहिला, म्हणजे पहिल्या घरमालकांनी काय धाडस केले होते ते कळते. याउलट व्हिया सेन्झानोमे, म्हणजे ‘बिननावाची गल्ली’, इथला पोर्तिको जेमतेम 95 सेंटिमीटर रुंद आहे. समोरून कोणी आले तर अंग चोरावे लागते.

विद्यापीठाची 1563 सालची इमारत, आर्किजिन्नाझिओ, हीदेखील लांब पोर्तिकोमागे उभी आहे. तिच्यातले लाकडी शवविच्छेदनगृह 29 जानेवारी 1944 च्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाले आणि ढिगाऱ्यातून निघालेले मूळ पुतळे वापरून पुन्हा उभारले गेले. त्या युद्धाच्या अखेरीशी आपलाही संबंध आहे. बोलोन्याच्या पूर्वेस वाहणाऱ्या सेनिओ नदीवर 9 एप्रिल 1945 रोजी मराठा पलटणीचे शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमी साथीदारांना खोल पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या काठावरून सुखरूप आणले आणि मग शत्रूचे मशीनगनचे मोर्चे एकट्याने बंद पाडले. अहमदनगर जिल्ह्यातल्या या जवानाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यानंतर बाराव्या दिवशी, 21 एप्रिलला, बोलोन्या मुक्त झाले. तिथे जाणाऱ्या मराठी माणसाने हे नाव मनात ठेवूनच जावे.

शेवटचा अर्धा दिवस सान लुकासाठी राखावा. शहराबाहेरच्या टेकडीवरील मेरीमातेच्या या देवस्थानापर्यंत सुमारे 3.8 किलोमीटरचा सलग पोर्तिको जातो. त्याला 666 कमानी आहेत. मेरीमातेची प्रतिमा दर वर्षी शहरात मिरवत आणतात, आणि तिच्याबरोबर चालणाऱ्या भाविकांना पावसापासून आडोसा मिळावा म्हणून 1674 मध्ये हे काम सुरू झाले. टेकडीचा चढ कठीण होता, म्हणून 1677 च्या ऑक्टोबरमध्ये नगरवासीयांनी खालपासून वरपर्यंत माणसांची रांग धरली आणि बांधकामाचे सामान हातोहात वर पोहोचवले.