माइक नंतर, विषय आधी

स्क्रीनवर दिसतीये ती वही एका रात्रपाळी करणाऱ्या मुलीची आहे. अँब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये कॉल घेते ती, आणि तिला पॉडकास्ट सुरू करायचाय. पानावर एकाखाली एक शब्द लिहिलेत, आरोग्य, इतिहास, सिनेमा, पैसा, मोटिव्हेशन, मग सगळ्यांवर काट आणि खाली परत आरोग्य. माइक कुठला, हेडफोन कुठले, खोलीत आवाज घुमू नये म्हणून काय करायचं, हे सगळं तिला पाठ झालंय. विषयापाशी मात्र घोडं अडलंय.

आणि ते अडणं साहजिक आहे, कारण इथे विषय ठरवून देणारं कोणी नसतं. रेडिओवर कार्यक्रम करायचा तर वर कोणीतरी बसलेलं असतं जे म्हणतं हे चालेल, हे नाही चालणार. पॉडकास्ट मुळात फीडवर उभा राहिला, म्हणजे तुम्ही ऑडिओ फाइल टाकायची आणि ज्याने सबस्क्राइब केलंय त्याच्याकडे ती आपोआप पोचणार. २००४ च्या सुमारास हे रुजलं, २००५ मध्ये ॲपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्ट घेतले आणि मग कोणीही उठून सुरू करू शकेल अशी सोय झाली. परवानगी लागत नाही, वेळेचं बंधन नाही. त्यामुळे काय बोलायचं हा सगळा भार बोलणाऱ्यावरच येतो.

बहुतेक जण इथे चालणारा विषय शोधायला जातात. काय ट्रेंडिंग आहे, कशाला व्ह्यूज आहेत. आम्हाला हा रस्ता पटत नाही, आणि कारण अगदी व्यवहाराचं आहे. पॉडकास्ट हळूहळू वाढतो, सुरुवातीचे कितीतरी भाग मोजक्याच लोकांनी ऐकलेले असतात, आणि त्या काळात विषयाची ओढ सोडली तर धरून ठेवणारं दुसरं काहीच नसतं. ती ओढ नसेल तर चार-सहा भागांनंतर दोन भागांमधलं अंतर वाढत जातं आणि मग एक दिवस फीड गप्प होतं. त्या दुनियेत याला पॉडफेड म्हणतात, इतकं हे नेहमीचं आहे.

तर मग आरोग्य घ्यायचं का? पण आरोग्य म्हणजे नुसतं कपाटावरचं लेबल झालं, आत काय आहे ते त्यावरून कळतच नाही. जे पॉडकास्ट टिकले ते बघा. माइक डंकनने २००७ मध्ये फक्त रोमचा इतिहास सांगायला घेतला, सुरुवातीपासून ते पश्चिमेकडचं साम्राज्य कोसळेपर्यंत, आणि २०१२ मध्ये तो शेवटापर्यंत नेला. हृषिकेश हिरवेचा साँग एक्सप्लोडर २०१४ चा, तिथे संगीतकार स्वतःचंच एक गाणं सुटं करून दाखवतो, हा ड्रमचा ट्रॅक, हा आवाजाचा पहिला टेक, हे आम्ही का बदललं. संगीत एवढा अफाट विषय आणि त्यातला एवढासाच तुकडा. पण तुकडा लहान असल्यामुळेच ऐकणाऱ्याला आधीच माहीत असतं की पुढच्या भागात आपल्याला काय मिळणार.

आमच्या मुलीने मग एक साधी गोष्ट केली जी आम्ही सगळ्यांना करायला सांगू. फोनचा रेकॉर्डर चालू केला आणि कागद न बघता आरोग्यावर बोलत सुटली. तीच फाइल आत्ता एडिटिंगच्या स्क्रीनवर आहे, बघा. सुरुवातीला आवाजाच्या लाटा बारीक बारीक, मध्ये मोकळ्या जागा, प्रत्येक मोकळ्या जागेआधी एक "अं" किंवा "म्हणजे बेसिकली". पाणी प्या, चाला, ताण घेऊ नका, कुठेही ऐकायला मिळेल असं सगळं. आणि मग ही जागा. इथून लाटा एकदम दाट होतात, मोकळी जागा जवळपास नाहीच, वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू होतंय. इथे ती सांगतीये की पहाटे चारच्या सुमाराला कॉल आला की समोरचा जे बोलतोय ते कानावर पडतं पण डोक्यात शिरायला एक क्षण जास्त लागतो, आणि त्या क्षणाची तिला भीती वाटते.

विषय सापडला तो इथे. रात्रपाळी. मुळात रात्री जागं राहून काम करणाऱ्याच्या शरीराचं काय होतं, आणि तरीही ते काम का थांबवता येत नाही, हा तिचा प्रश्न.

आता हा प्रश्न किती भाग पुरेल? आम्ही तिच्यासोबत बसलो तेव्हा वहीचं पान भरायला वेळच लागला नाही. पहाटेच्या त्या वेळी शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं, म्हणजे तिचा तो क्षण तिच्या मनाचा खेळ नव्हता. शरीरातलं घड्याळ पेशींच्या आत कसं चालतं हे उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं, आणि ते सापडलं फळमाशीत. जहाजावर चार तास पहारा आणि आठ तास विश्रांती अशी पाळी असते, त्यातली मध्यरात्री बारा ते चारची कोणाच्या वाट्याला येते? अंतराळ स्थानकात दिवसाला सोळा सूर्योदय होतात, तिथे रात्र कशाला म्हणायचं? आणि टायटॅनिक, १४ एप्रिल १९१२ ची रात्र. जवळच्या कॅलिफोर्नियन जहाजावर वायरलेसचा एकच माणूस होता, तो दिवसभराचं काम आटपून झोपायला गेला आणि त्यानंतर थोड्याच वेळात टायटॅनिक हिमनगावर आदळली. टायटॅनिकचे संदेश त्या जहाजावर ऐकायला कोणी जागंच नव्हतं. जहाजांवर चोवीस तास वायरलेसवर कान ठेवायचे नियम आले ते या दुर्घटनेनंतर.

एका प्रश्नातून समुद्र, अंतराळ, माशी, कायदा, सगळं निघालं आणि कुठेही ओढूनताणून आणलेलं वाटत नाही. विषय जिवंत असला की असंच होतं, तो आखडत नाही, उलट फुटत जातो. आरोग्यावरच्या भागांची अशीच यादी केली होती, तिच्यात मात्र सहाव्या ओळीपासून आधीच्याच ओळी वेगळ्या शब्दांत येत होत्या.

ऐकणारा कोण हा प्रश्नही यात सुटला. रात्रपाळीत कितीतरी लोकांचे डोळे आणि हात कामात असतात पण कान मोकळे असतात, ट्रक चालवणारा, गोदामात माल लावणारा, सर्व्हर रूममध्ये एकटा बसलेला. त्यांच्याबद्दल बोलणारं त्यांनाच ऐकता येणार. शिवाय हा विषय आवाजाचा आहे, जे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. चित्रकलेवर पॉडकास्ट होऊ शकतो पण प्रत्येक वाक्यात चित्र वर्णन करावं लागतं, इथे रिकाम्या कॉरिडॉरमधल्या ट्रॉलीची चाकं ऐकवली तरी रात्र उभी राहते.

एक अडचण मात्र आहे आणि ती ठरवायच्या आधीच बघितली पाहिजे. विषय स्वतःच्या कामातून आला की त्यात दुसऱ्यांची आयुष्यं येतात. तिच्या कंट्रोल रूममध्ये आलेला एकही कॉल ती वापरणार नाही, रेकॉर्डिंग तर नाहीच पण आठवणीतून सांगितलेलाही नाही, कारण फोन करणाऱ्याने मदत मागितली होती, मुलाखत दिली नव्हती. सहकाऱ्यांशी बोलायचं तर आधी लेखी होकार घ्यायचा आणि ऑफिसला कळवायचं. यामुळे काही चांगले भाग हातचे जातील, जाऊ देत.

टायटॅनिकने सुरुवात करायचा मोह तिला खूप झाला, नाव मोठं आहे. पण तो भाग चौथा ठेवलाय. पहिल्या भागात ती तिच्याच सोबत कॉल घेणाऱ्या एका सीनियर ताईंना विचारणार आहे की इतकी वर्षं रात्रपाळी करून तुम्ही दिवसा झोपता कशा, आणि ताईंनी होकार दिलाय, फक्त रेकॉर्डिंग त्यांच्या सुट्टीच्या दिवशी आणि झोप पूर्ण झाल्यावर.