काच निवताना

मंडळी, या टेबलावर मांडलेल्या तबकांतलं आणि वाडग्यांतलं एकही फुंकून केलेलं नाही. रंगीत काचेच्या थंड पट्ट्या कटरने कापायच्या, एकमेकींवर रचायच्या आणि विजेच्या भट्टीत ठेवायच्या. साधारण ८०० अंश सेल्सिअसला त्या एकजीव होतात. मग ती सपाट चकती मातीच्या भाजलेल्या साच्यावर ठेवून पुन्हा भट्टीत जाते. ६५०च्या पुढे काच मऊ पडते आणि स्वतःच्या वजनानेच साच्यात उतरते. साच्याच्या तळाला बारीक भोक असतं, खाली कोंडलेली हवा निघून जावी म्हणून. ही रीत फुंकण्याच्या आधीची आहे. भूमध्य समुद्राकाठी इसवी सनापूर्वीच रंगीत काचेच्या चकत्या वितळवून जोडलेले वाडगे होत असत. ग्रीसच्या अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेल्या प्राचीन जहाजातही असे वाडगे सापडले.

पण तापवण्याचं मला आज फारसं सांगायचं नाही. मला सांगायचं आहे ते काच निवण्याबद्दल, कारण तबक टिकणार की तडकणार हे तिथे ठरतं.

प्रत्येक काच तापली की पसरते, निवली की आकसते, आणि प्रत्येक काचेचं आकसणं सारखं नसतं. कारागीर काचेला ९० किंवा ९६ असा आकडा लावतात. हा तिच्या प्रसरणाचा गुणांक, म्हणजे एका अंशाने तापली की ती किती पसरते याचं माप. फरक फक्त सहाचा. पण ३० सेंटिमीटरचं तबक घट्ट झाल्यापासून खोलीच्या तापमानाला येईपर्यंत साधारण पावणेपाचशे अंश उतरतं. तेवढ्यात या दोन काचांच्या आकसण्यात ढोबळमानाने ०.०८ मिलिमीटरचा फरक पडतो. केसाइतका! पण त्या दोघी आता एकमेकींना चिकटलेल्या आहेत, सुटायला वाव नाही, म्हणून तेवढ्यानेही तडा जातो. कधी भट्टीतच, कधी महिन्यांनी, कोणी हात न लावता.

म्हणूनच या कलेत रंग बराच काळ जपून वापरावे लागले. शिकागोच्या मायकेल आणि फ्रान्सिस हिगिन्स या दांपत्याने १९५०च्या दशकात फार देखणी तबकं केली. खाली-वर साधी काच आणि मध्ये मिनाकारीचे रंग, अशी त्यांची रचना होती. वाट मोकळी झाली ती अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या 'बुलसाय' कारखान्यामुळे. १९७४ साली सुरू झालेल्या या कारखान्याने पुढे एकमेकींशी जुळतील अशा, तपासून घेतलेल्या रंगीत काचा बनवल्या. हॅम्बुर्गचे काचकलावंत क्लाउस मोये १९७९ मध्ये अमेरिकेतल्या पिलचक काचशाळेत शिकवायला गेले, तिथे त्यांची गाठ कारखान्याच्या संस्थापकांपैकी बॉइस लुंडस्ट्रॉम यांच्याशी पडली. मोये १९८२ मध्ये कॅनबेराला गेले, तिथल्या कलाशाळेत काचविभाग उभा केला आणि याच काचांच्या पट्ट्यांतून वाडगे घडवत राहिले. त्यांच्या वाडग्यात रंग वरून लावलेला नसतो, तो काचेच्या जाडीत आरपार असतो. माझ्या मते या माध्यमात त्यांच्याइतकं निर्भय काम कोणी केलेलं नाही.

आता काचा जुळल्या, तरी घाई चालत नाही. वरचा थर आधी निवला आणि गाभा गरम राहिला, तर ताण आत कोंडून बसतो. म्हणून बुलसायची काच ४८२ अंशांवर थोपवून धरायची. ६ मिलिमीटर जाडीला एक तास पुरतो, पुढे ताशी ८३ अंशांनी उतरवायचं. जाडी २५ मिलिमीटर झाली की चार तास धरायचं आणि सुरुवातीला ताशी १५ अंशांनीच उतरवायचं. अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेच्या दुर्बिणीचा ५ मीटरचा काचेचा आरसा १९३४ मध्ये ओतला, तो निववायला सुमारे दहा महिने लागले होते. तुम्ही विचारता की एवढ्याशा तबकाला इतकी किंमत का? भट्टी रात्रभर अडकलेली असते आणि झाकण उघडायची कितीही ओढ लागली तरी उघडता येत नाही, त्याचे ते पैसे आहेत.

आतला ताण डोळ्यांनी पाहता येतो. लॅपटॉपचा पडदा पांढरा करा, त्यापुढे तबक धरा आणि पोलराइज्ड गॉगलचं एक भिंग डोळ्यासमोर धरून पडदा काळा दिसेपर्यंत फिरवा. पारदर्शक काचेत रंगांच्या जोडांभोवती उजेडाची कड चमकली, तर तिथे ताण आहे. विकत घेताना हे करून बघायला संकोच करू नका. चांगला कारागीर स्वतःच दाखवेल.

आणि ज्यांना घरी करून बघायचं आहे, त्यांनी महाग रंगीत काचेने सुरुवात करू नये. काचवाल्याकडून खिडकीच्या ३ मिलिमीटर काचेचा एकच मोठा तुकडा घ्या आणि दोन्ही थर त्यातूनच कापा. वेगवेगळ्या दुकानांतले तुकडे एकत्र करू नका, दिसायला अगदी सारखे असले तरीही.