ड्रायव्हरच नाही, मग पावती फाडायची कुणाच्या नावाने?

नमस्कार मंडळी! आजचा विषय बिनड्रायव्हरच्या टॅक्सीचा, ती फायर ब्रिगेडच्या वाटेत अडकली तर कायद्याने जबाबदार कोण. पण आधी किस्सा, तो सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

एप्रिल 2022, सॅन फ्रान्सिस्को, पहाटे चारचा सुमार. आग लागलीय, बंब निघालाय. वाटेत कचऱ्याचा ट्रक उभा, म्हणून बंबवाल्यांनी समोरच्या लेनमधून गाडी घातली, तर तिथे क्रूझ कंपनीची टॅक्सी, आत चिटपाखरूही नाही. माणूस असता तर चार शिव्या खाऊन का होईना रिव्हर्स घेतला असता की नाही? ही आपली उभी ती उभीच! कंपनीचं म्हणणं काय, तर गाडी बंबाला वाट द्यायलाच थांबली होती आणि लांब ऑफिसात बसलेल्या मदतनीसाला तिने कळवलंही होतं. म्हणजे वाट अडवून वाट देणं. सोडवलं कुणी शेवटी? कचरेवाल्याने! हातातलं काम टाकून धावत आला, स्वतःचा ट्रक काढला, तेव्हा कुठे बंब पुढे गेला. त्या बिचाऱ्याचं नावसुद्धा बातमीत आलं नाही, नवीन मशीनचं मात्र कौतुक सगळीकडे, हे असंच चालतं आपल्याकडे काय नि तिकडे काय.

तर मुद्दा. कॅलिफोर्नियात ट्रॅफिकची पावती फाडतात ड्रायव्हरच्या नावाने, आणि इथे ड्रायव्हरच नाही, परत सांगतो, ड्रायव्हरच नाही. सप्टेंबर 2025 मधे सॅन ब्रुनोच्या पोलिसांनी चुकीचा यू-टर्न घेणारी वेमो कंपनीची अशीच बिनड्रायव्हरची टॅक्सी थांबवली आणि पावती न देताच सोडली.

यावर 2024 मधे कायदा झाला, एबी 1777, लागू 1 जुलै 2026 पासून. पोलिसांची नोटीस आता थेट कंपनीला. बंबवाल्यांसाठी हॉटलाइन, त्यावर खराखुरा माणूस हवा (नाहीतर एक दाबा, दोन दाबा, तोवर सगळं खाक, मला तर त्या रेकॉर्डेड बाईचा भयंकर राग येतो), आणि इथून गाड्या हटवा म्हटलं की दोन मिनिटांत कंपनीने गाड्यांना तसा आदेश द्यायचा.

पण नोटीस म्हणजे दंड नव्हे बरं का. नोटीस जाते, दंडाचा आकडा कायद्यात नाही, पुढचं मोटार वाहन खातं बघणार. आणि बंबाला उशीर झाला म्हणून कुणाचं घर जास्त जळलं, तर भरपाईसाठी त्याने कोर्टातच जायचं, तिथे कंपनीचा वकील म्हणणार, आमची गाडी नियमानेच थांबली होती.