दंड भरला म्हणजे हिशेब मिटला का? | सुआरेझचा हात, रणदिवचा नो-बॉल आणि तुमच्या कमेंट्स

नमस्कार मंडळी. सेहवागच्या ९९ वाल्या मॅचची, म्हणजे श्रीलंकेच्या रणदिवने मुद्दाम नो-बॉल टाकून त्याचं शतक हुकवलं ती क्लिप पुन्हा फिरायला लागलीये, आणि गेल्या व्हिडिओखाली निम्म्या कमेंट्स तिच्याच आहेत. "दादा, यावर बोला." "दादा, मग सुआरेझ हिरो की चीटर?" एकाने तर नुसतं "नो बॉल???" एवढंच लिहिलंय. सुआरेझ म्हणजे उरुग्वेचा तो फुटबॉलपटू, ज्याने वर्ल्ड कपमध्ये आत जाणारा चेंडू हाताने अडवला. बरं, बोलतो.

विषय साधा आहे. नियम मुद्दाम मोडायचा. दंड काय बसणार ते आधीच माहीत असतं. तो भरायचा आणि तरीही फायद्यात राहायचं. फाऊल म्हणजे काय, लाल कार्ड म्हणजे काय, हे मी सांगत बसत नाही. हा चॅनेल बघताय म्हणजे येतं तुम्हाला.

पण सुरू करण्याआधी जरा साफसफाई. हा विषय काढला की कोणीतरी मंकडिंग आणतंच, म्हणजे चेंडू टाकायच्या आधीच क्रीज सोडणाऱ्या नॉन-स्ट्रायकरला बॉलरने रनआऊट करणं. आणू नका! दीप्ती शर्माने २०२२ मध्ये लॉर्ड्सवर चार्ली डीनला नॉन-स्ट्रायकर एंडला रनआऊट केलं, त्यात दीप्तीने कुठला नियम मोडला? कुठलाच नाही. दंड बसला? नाही. मग तो आजचा विषय नाही. तसंच १९८१ चा मेलबर्नचा अंडरआर्म चेंडू. न्यूझीलंडला मॅच टाय करायला शेवटच्या चेंडूवर सहा हव्या होत्या आणि ट्रेव्हर चॅपेलने चेंडू जमिनीवरून घरंगळत सोडला. घाणेरडा प्रकार, मान्य. पण त्या दिवशी तो नियमात बसत होता. आणि बॉल टॅम्परिंग लपूनछपून करतात. आजची मंडळी अंपायरच्या डोळ्यांदेखत करतात आणि वर पावती घेतात.

तर सुआरेझ. २ जुलै २०१०, जोहान्सबर्ग, वर्ल्ड कपची क्वार्टर फायनल, उरुग्वे विरुद्ध घाना. एक-एक बरोबरी, एक्स्ट्रा टाइमचे शेवटचे क्षण. घानाचा एक फटका सुआरेझने गोललाइनवर पायाने अडवला, तिथवर ठीक. चेंडू परत वर आला, घानाच्या आदियाने हेडर मारला, चेंडू आत जातोय, आणि सुआरेझने दोन्ही हातांनी तो बाहेर काढला. गोलकीपरसारखा! लाल कार्ड, पेनल्टी. घानाच्या असामोआ ग्यानची किक क्रॉसबारला लागून वर गेली. सुआरेझ बोगद्याच्या तोंडाशी उभा राहून बघत होता, तो तिथेच नाचायला लागला. शूटआऊट उरुग्वेने ४-२ ने जिंकलं. तोवर आफ्रिकेतला एकही संघ वर्ल्ड कपच्या सेमी फायनलला गेला नव्हता. तो मान पुढे २०२२ मध्ये मोरोक्कोला मिळाला.

आता तुमच्यातल्या बहुतेकांचं म्हणणं काय? "त्याने किंमत मोजली ना? लाल कार्ड घेतलं, सेमी फायनल हुकली. विषय संपला." खुद्द सुआरेझही तेच म्हणतो. २०२२ च्या वर्ल्ड कपमध्ये घानाशी पुन्हा गाठ पडली तेव्हा पत्रकारांनी विचारलं, तर म्हणाला की मी माफी मागणार नाही, पेनल्टी मी हुकवलेली नाही.

इथे मी अडतो. नीट ऐका, कारण पुढे हेच पुन्हा येणार आहे. किंमत मोजली, हो. पण मिळाली कोणाला? घानाचा काय गेला? गोल. गोल होण्याची शक्यता नव्हे, गोलच. चेंडू आत चालला होता. त्याबदल्यात मिळालं काय? पेनल्टी. पेनल्टी साधारण चारातल्या तीन वेळा आत जाते. म्हणजे पूर्ण रुपया घेतला आणि बारा आणे परत दिले. उरलेले चार आणे कोणाच्या खिशात? सुआरेझची सेमी फायनल बुडाली, पण त्याच्या बुडण्याने घानाच्या पदरात काही पडलं का? माणसं एवढंच बघतात की करणाऱ्याला शिक्षा झाली की नाही. ज्याचं गेलं त्याला परत मिळालं का, हे कोणी विचारतच नाही.

रग्बीवाल्यांनी हे सोडवलंय. फाऊल झाला नसता तर ट्राय (रग्बीतला गोल म्हणा) बहुतेक झालाच असता असं रेफ्रीला वाटलं, तर तो सरळ पेनल्टी ट्राय देतो. किक वगैरे काही नाही, सात गुण खात्यात, आणि वर करणाऱ्याला कार्ड. बास्केटबॉलमध्ये चेंडू बास्केटकडे खाली येत असताना बचाव करणाऱ्याने हात लावला तर बास्केट झाली असंच धरतात. सुआरेझ बास्केटबॉल खेळत असता तर त्या हाताचा उपयोग शून्य! त्याने लावलाच नसता. फुटबॉलने मात्र दरपत्रक लावून ठेवलंय, आणि मग आपण गिऱ्हाइकाला शिव्या घालतो.

आता तुमची लाडकी क्लिप. १६ ऑगस्ट २०१०, दांबुला. श्रीलंका १७० ला ऑल आऊट. आपण १७० वर, एक रन हवा, सेहवाग ९९ वर स्ट्राइकला. सूरज रणदिवने क्रीजच्या कितीतरी पुढे पाय टाकून नो-बॉल टाकला. सेहवागने त्यावर सिक्स मारली आणि हात वर केले. पण नो-बॉलचा एक रन चेंडू टाकल्याक्षणीच मिळतो. मॅच तिथेच संपली, सिक्स मोजलीच नाही. सेहवाग नाबाद ९९.

ही केस सुआरेझपेक्षा विचित्र आहे, बघा. सुआरेझने दंड सोसला, कारण हात लावण्यात त्याचा फायदा होता. रणदिवने नियम मोडला तो दंडासाठीच. तो एक रन म्हणजे शिक्षा, भरपाई, जे काय असेल ते, आणि त्याच रनने समोरच्याचं शतक मारलं. नो-बॉलचा रन कशासाठी असतो? बॅटिंग करणाऱ्याला काहीतरी मिळावं म्हणून. इथे मिळालं तेच गळ्यात अडकलं. म्हणून "इंडिया जिंकली ना, मग काय रडता" हे मला पटत नाही. भारताला मिळालं. सेहवागला? पुन्हा तोच प्रश्न, बरं का. ज्याचं गेलं, त्याला परत मिळालं का?

आणि श्रीलंका बोर्डालाही ते खुपलं. रणदिववर एका मॅचची बंदी आली, त्याला भरीला घालणाऱ्या दिलशानची मॅच फी कापली. रणदिवने सेहवागची माफीही मागितली. इथे एक जण लिहील, "दादा, आता तर नियम आलाय." आलाय. ऑक्टोबर २०१७ पासून अंपायरला वाटलं की फ्रंट फुट नो-बॉल मुद्दाम टाकलाय, तर त्या बॉलरला त्या डावात पुन्हा बॉलिंग करता येत नाही. फार छान. पण दांबुलाला मॅच त्याच चेंडूवर संपली होती! पुन्हा बॉलिंग करणार कोण आणि कोणाला? नियम यायच्या महिनाभर आधी कॅरिबियन प्रीमियर लीगमध्ये एव्हिन लुईस ३२ चेंडूंत ९७ वर होता, जिंकायला एक रन, आणि पोलार्डने तसाच ढळढळीत नो-बॉल टाकला. तिथेही मॅच संपलीच. म्हणजे ज्या दोन प्रसंगांवरून बोंब झाली, त्या दोन्ही ठिकाणी हा नियम लागू करूनही मैदानावर काही फरक पडत नाही. नंतर तक्रार जाईल, कारवाई होईल. पण शतक काही होणार नाही.

आता थोडं आमच्याकडचं. डोंबिवलीच्या पलीकडे एक टेनिस बॉल टूर्नामेंट असते, रात्रीची, फ्लडलाइटमध्ये. मी तिथे स्कोअरिंगला बसायचो. सामने उशिरापर्यंत चालतात म्हणून आयोजकांनी एका वर्षी नियम काढला: वाइडचा एक रन मिळणार, पण चेंडू पुन्हा टाकायचा नाही. वेळ वाचवायला. झालं! दुसऱ्याच दिवशी एका बॉलरने शेवटच्या ओव्हरमध्ये, तीन चेंडूंत बारा हवे असताना, तीन वाइड टाकले. शांतपणे, एकामागून एक, पार ऑफ स्टंपच्या बाहेर. बॅट्समन पळत गेला तरी बॅट पोचेना. आठ रनने मॅच जिंकली. मग काय राडा झाला म्हणता! माइकवर कॉमेंट्री करणारे काका बॉलरला "खिलाडूवृत्ती" शिकवायला लागले, आणि बॉलर म्हणतोय, "काका, नियम तुमचा, मी फक्त वापरला."

त्या पोराचा मला राग आला नव्हता. अजूनही येत नाही. राग आयोजकांचा आला, ज्यांना एका चेंडूची किंमत एक रन वाटली. शेवटच्या ओव्हरमध्ये चेंडू रनपेक्षा महाग असतो हे गल्लीतल्या पोरालाही कळतं. त्याच रात्री नियम बदलला, शेवटच्या दोन ओव्हरमध्ये वाइड पुन्हा टाकायचा. भांडण मिटलं. खिलाडूवृत्तीवर भाषण द्यायची गरज पडली नाही.

म्हणजे मुद्दाम दंड घेणारा प्रत्येक जण नालायक, असं मी म्हणत नाहीये. बास्केटबॉल घ्या. शकिल ओनील. अवाढव्य माणूस, बास्केटखाली अडवणं अशक्य, पण फ्री थ्रो? शंभरातले साधारण ५३. मग समोरचे संघ त्याला मुद्दाम फाऊल करायचे, जा, टाक फ्री थ्रो. हॅक-अ-शॅक म्हणतात. बघायला भयंकर कंटाळवाणं. पण त्यात त्याचं काय हिरावलं? दोन मोकळे थ्रो मिळाले, समोर कोणी नाही. टाकता आले नाहीत तर दोष कोणाचा? सराव करा! ही युक्ती काढली डॅलसचा कोच डॉन नेल्सनने, तीही आधी शिकागोच्या डेनिस रॉडमनवर, १९९७ मध्ये. बबा वेल्स नावाच्या खेळाडूला त्याच कामावर लावला, आणि तो बिचारा तीन मिनिटांत सहा फाऊल करून बाहेर. रॉडमनने बारापैकी नऊ टाकले आणि शिकागोने मॅच जिंकली. असं उत्तर द्यायचं असतं. एनबीएने २०१६ मध्ये या प्रकाराला थोडा लगाम घातला, पण तो खेळ कंटाळवाणा होतो म्हणून. अन्याय होतो म्हणून नव्हे.

तिसऱ्या बाजूने तोच मुद्दा. हो, पुन्हा. एक जण प्रत्येक व्हिडिओखाली लिहितो "दादा रिपीट करतात". करतो. कारण तुम्ही पुन्हा तेच लिहिता!

स्लो ओव्हर रेट. वर्षानुवर्षं काय चाललं होतं? कॅप्टन निवांत फिल्डिंग लावतोय, बॉलरशी गप्पा मारतोय, ओव्हर कमी पडल्या, मग मॅच फी कापली. पैसे कोणाच्या खिशातून गेले? कॅप्टनच्या. समोरच्या टीमला त्यातलं काय मिळालं? कप्पाळ. नो पार्किंगला गाडी लावून दंडाची पावती खिशात घालणारा माणूस, आणि ज्याच्या गेटसमोर लावली तो अजून आतच अडकलेला. मग जानेवारी २०२२ पासून टी-ट्वेंटीत नियम आला: वेळेत ओव्हर पूर्ण नाहीत तर उरलेल्या ओव्हरसाठी सर्कलबाहेर एक फिल्डर कमी. आता दंड तिथल्या तिथे, त्याच बॅट्समनच्या कामी येतो. त्यानंतर स्टॉप क्लॉक आलं. २०२४ च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपमध्ये न्यूयॉर्कला अमेरिकेने ओव्हर सुरू करायला तिसऱ्यांदा साठ सेकंदांपेक्षा जास्त वेळ घेतला आणि आपल्याला पाच रन मिळाले. ३० चेंडूंत ३५ हवे होते, ते ३० चेंडूंत ३० झाले. अमेरिकेने मुद्दाम केलं असं नाही. पण असा दंड असेल तर मुद्दाम करणार कोण?

बाकी, हिशेब करून दंड घेणाऱ्यांचा हिशेब कधीकधी चुकतो, आणि ते बघायला मला फार आवडतं. सर्जिओ रामोस. फेब्रुवारी २०१९, चॅम्पियन्स लीग, रियाल माद्रिद ॲमस्टरडॅममध्ये आयाक्सविरुद्ध २-१ ने पुढे. माद्रिदच्या या साहेबांनी शेवटी शेवटी मुद्दाम पिवळं कार्ड घेतलं, आणखी एक पडलं की बंदी बसणार हे माहीत असून. का, तर एका मॅचची बंदी आत्ताच भोगून टाकू, परतीची मॅच काय आपल्या घरीच आहे, पुढच्या फेरीला कोरी पाटी. वर मॅचनंतर बोलताना ते जवळपास कबूलही करून बसला. युएफाने, म्हणजे युरोपातल्या फुटबॉल संघटनेने, बंदी दोन मॅचची केली. आणि घरच्या मैदानावर आयाक्सने माद्रिदला ४-१ ने धुतलं, रामोस वर बॉक्समध्ये बसलेला. पुढची फेरीच नाही!

"आपल्या कबड्डीवर कधी बोलणार?" कोल्हापूरहून विचारलंय. रास्त आहे. आघाडी असली की रिकाम्या चढाया करून घड्याळ संपवायचे, त्यावर प्रो कबड्डीत 'डू ऑर डाय' आलं. लागोपाठ दोन रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईला गुण आण, नाहीतर तू बाद आणि गुण समोरच्याला. बघा, इथेही समोरच्याला. कबड्डीचा वेगळा व्हिडिओ करू, त्यात बोलण्यासारखं बरंच आहे.

आणि शेवटची कमेंट, जिला सगळ्यात जास्त लाइक आहेत: "ज्ञान देऊ नका, तुम्ही गोललाइनवर असता तर हात लावला असता की नाही?"

लावला असता. वर्ल्ड कप क्वार्टर फायनल, शेवटचा क्षण, अख्खा देश बघतोय. कोण मागे हात बांधून उभा राहील? लावला असता आणि लाल कार्ड घेऊन गपचूप आत गेलो असतो. फक्त मग रेफ्रीने घानाला गोल द्यायला हवा होता, पेनल्टी नव्हे. आणि ग्यानची किक बारला लागल्यावर मी तिथे नाचलो नसतो. एवढं तरी.