शब्द पाठ आहे, पण वाक्यात येत नाही

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईत मराठी माध्यमातून शिकून नोकरीला लागलेल्या, किंवा स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या अनेकांचं इंग्रजी एका ठरावीक जागी येऊन अडतं. रोजच्या बातम्या कळतात, ऑफिसात बोलताना अडखळायला होत नाही. पण अग्रलेख, कोर्टाचं निकालपत्र किंवा एखादा जाडजूड अहवाल समोर आला की वाचन रखडतं. मग कठीण शब्दांची यादी घेऊन 'ए'पासून पाठांतर सुरू होतं आणि 'सी'च्या आसपास बारगळतं.

ते बारगळतं याचा दोष स्मरणशक्तीला देऊ नका. वर्णानुक्रमात सारखे दिसणारे शब्द शेजारी येतात आणि एकमेकांत मिसळतात. 'अ‍ॅडव्हर्स' आणि 'अव्हर्स' एकाच दिवशी पाठ केले, तर आठवड्याने 'अ‍ॅडव्हर्स टू रिस्क' असं चुकीचं काहीतरी तोंडात येतं. इफेक्ट असतो तो अ‍ॅडव्हर्स, म्हणजे प्रतिकूल. रिस्क टाळणारा माणूस तो अव्हर्स. समानार्थी शब्दांचे गट पाठ करण्यातही हाच धोका. एक शब्द पक्का बसल्यावर, दोन-तीन आठवड्यांनी त्याच्यासारखा दुसरा घ्यावा.

मग शब्द निवडायचे कुठून? एक भक्कम आधार आहे. न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली 'अकॅडेमिक वर्ड लिस्ट' प्रसिद्ध केली. वेगवेगळ्या विद्याशाखांतला सुमारे पस्तीस लाख शब्दांचा मजकूर तपासून त्यांनी ५७० शब्दकुटुंबं, म्हणजे एकाच मूळ शब्दाच्या रूपांचे गट, निवडले. त्यांचे दहा भाग आहेत, जास्त वापरातले शब्द आधी. अनॅलाइज, असेस, डिराइव्ह, कॉन्स्टिट्यूट हे पहिल्या भागातले. यादी इंटरनेटवर सहज मिळते. मात्र ती पाठ करायला घेऊ नका, तपासायला घ्या: जो शब्द वाचताना कळतो पण लिहिताना सुचत नाही, त्याच्यावर खूण करा. बाकीचे शब्द स्वतःच्या वाचनातून येऊ द्या. वाचनासाठी मजकूर निवडताना शंभर शब्द मोजा. त्यात दोन-तीन अनोळखी असतील तर मजकूर योग्य. सात-आठ निघाले तर तो सध्या बाजूला ठेवा, कारण तिथे संदर्भावरून अर्थ लावताच येत नाही.

आता निवडलेल्या शब्दांची कार्डं करायची. बहुतेक जण एका बाजूला शब्द आणि दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ लिहितात. त्याने ओळख होते, वापर येत नाही. पावसाळ्यात मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत हिंदमाताला पाणी तुंबल्याच्या बातम्यांत हमखास दिसणारा शब्द घेऊ: 'मिटिगेट', म्हणजे तीव्रता कमी करणं. कार्डाच्या पुढच्या बाजूला वाक्य लिहा, 'स्टेप्स टू अमुक द इम्पॅक्ट ऑफ फ्लडिंग'. 'अमुक'च्या जागी रेघ, आणि रेघेच्या सुरुवातीला 'एम' हे अक्षर. ते अक्षर नसेल तर 'रिड्यूस' घालून आपण मोकळे होतो. मागच्या बाजूला शब्द आणि त्याचे सोबती, म्हणजे त्याच्याबरोबर नेहमी येणारे शब्द: रिस्क, इम्पॅक्ट, डॅमेज. खाली त्याचं कुटुंब: मिटिगेशन, मिटिगेटिंग सर्कमस्टन्सेस, अनमिटिगेटेड डिझास्टर. आणि एक सूचना: 'मिटिगेट अगेन्स्ट' लिहू नये. तिथे हवा असतो 'मिलिटेट', म्हणजे एखाद्या गोष्टीच्या विरोधात जाणं. तो निराळाच शब्द. सोबती शोधायला इंग्रजी-मराठी कोश अपुरा पडतो. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेली लर्नर्स डिक्शनरी घ्या, तिच्यात उदाहरणवाक्यं असतात.

उच्चार देवनागरीत लिहून ठेवा, आपल्याला ती सोय आहे. पण देवनागरी आघात दाखवत नाही, म्हणून जोर असलेल्या अक्षराखाली रेघ ओढा. मिटिगेटमध्ये जोर 'मि'वर, मिटिगेशनमध्ये 'गे'वर. नुसत्या वाचनातून आलेले शब्द इथेच दगा देतात: 'सटल'मधला बी उच्चारायचा नसतो, आणि 'इपिटमी'ला कितीतरी जण 'एपिटोम' म्हणतात. संस्कृत उपसर्गांची सवय असलेल्यांना इंग्रजीतले उपसर्ग पटकन उमगतात, तरी जपून. 'इनव्हॅल्युएबल' म्हणजे बिनकिमतीचं नव्हे, फार मोलाचं.

उजळणीसाठी सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये मांडलेली खोक्याची पद्धत आजही चालते. खोक्यात पाच कप्पे करा. पहिला रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. नवे शब्द दिवसाला पाच-सहा पुरेत. उत्साहात वीस घेतले की दुसऱ्या आठवड्यात पहिला कप्पा फुगतो आणि सगळंच बंद पडतं. पहिल्या कप्प्यात तीसहून जास्त कार्डं साचली, तर नवे शब्द थांबवा. सकाळच्या कल्याण लोकलमध्ये कार्डं काढायला हात मोकळा नसतो, तेव्हा उजळणी फलाटावरच उरकावी. गाडीत इंग्रजी बातम्या ऐकाव्यात. कार्डावरचा शब्द कानावर पडला, तर त्याचा सोबती कोणता होता तेवढं टिपून घ्यावं.

शब्द बोलण्यात कधी आणायचा? कार्ड तिसऱ्या कप्प्यात पोचल्यावर, आणि आधी लेखी. ऑफिसच्या ईमेलमध्ये एखादा शब्द बसवून बघा, पण साध्या जागी जड शब्द नको. 'आय कमेन्स्ड माय लंच' कुणी म्हणत नाही. तसंच 'नोटोरिअस' हा 'प्रसिद्ध' या अर्थाने साहेबांसाठी वापरलात, तर ती निंदा होईल.

एखादं कार्ड चार-पाच वेळा चुकून परत पहिल्या कप्प्यात आलं, तर घोकत बसू नका. बहुधा त्यावरचं वाक्य धूसर असतं, किंवा तसाच दिसणारा दुसरा शब्द आड येत असतो. वाक्य बदलून नवं कार्ड करा. तरीही जमलं नाही तर ते कार्ड फाडून टाका. शब्द खरंच गरजेचा असेल तर वाचनात पुन्हा भेटेल, आणि तेव्हा त्याचं वाक्यही बहुधा जास्त चांगलं मिळेल.