12 लाख प्लेटलेट्स आणि बायपास

पावसाळ्याच्या दिवसांत डेंग्यूची साथ आली की मराठवाड्यातल्या पारावरही 'प्लेटलेट्स कमी झाल्या' ही काळजी ऐकू येते. म्हणूनच, परभणीकडून छत्रपती संभाजीनगरला बायपाससाठी आलेल्या एखाद्या शेतकऱ्याच्या रिपोर्टवर 12 लाखांचा आकडा दिसला, तर घरच्यांना ती आनंदाचीच बातमी वाटते.

नेहमीचे प्रमाण दीड ते साडेचार लाख. वाढीमागे बहुधा लोहाची कमतरता किंवा जंतुसंसर्ग असतो आणि तो बरा झाला की आकडाही उतरतो. तसे कारण सापडले नाही, तर अस्थिमज्जेच्या, म्हणजे हाडांतल्या रक्त तयार करणाऱ्या मगजाच्या, आजाराची शंका येते. 2005 मध्ये उजेडात आलेला जॅक-2 जनुकातील बदल मग तपासावा लागतो.

वाढलेल्या प्लेटलेट्समुळे नवी जोडलेली रक्तवाहिनी गुठळीने बुजू शकते, हे सहज पटते. पटायला जड जाते ते याच्या उलटे: आकडा 10 लाखांच्या पुढे गेला की रक्तस्राव थांबवणारा व्हॉन विलेब्रँड घटक प्लेटलेट्सना चिकटून कमी होऊ लागतो. अशा रुग्णाला, तो घटक न तपासता, केवळ सवयीने ॲस्पिरिन देत राहणे धोक्याचे आहे.

आता रक्ततपासणीची नळी पाहा. तिच्यात रक्त गोठताना प्लेटलेट्समधले पोटॅशियम बाहेर पडते आणि रिपोर्टवर ते खोटेच वाढलेले दिसते. ईसीजी ठीक असेल, तर पोटॅशियम उतरवणारे औषध देण्याआधी न गोठलेल्या रक्तावर तीच तपासणी पुन्हा करतात.

शस्त्रक्रिया पुढे ढकलणे हृदयाला परवडत असेल, तर हायड्रॉक्सियुरिया हे प्लेटलेट्स कमी करणारे औषध देऊन काही आठवडे वाट पाहावी; आमच्या मते हा वेळ वाया जात नाही. घाई असेल, तर यंत्राद्वारे रक्तातून प्लेटलेट्स वेगळ्या काढता येतात, मात्र तो उतार फार दिवस टिकत नाही.

शस्त्रक्रियेत हिपॅरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा नेहमीचा डोस कधी अपुरा पडतो, कारण प्लेटलेट्समधूनच त्याला निष्प्रभ करणारे प्रथिन सुटते. म्हणून रक्त गोठण्याचा वेळ पुन्हापुन्हा मोजला जातो.

पुढे पाचव्या ते दहाव्या दिवसात आकडा 12 लाखांवरून 5 लाखांवर आला, तर रिपोर्टवर तो सुधारल्यासारखा भासतो. प्रत्यक्षात तो निम्म्याहून खाली आलेला असतो, आणि ही हिपॅरिनची गंभीर प्रतिक्रिया तर नाही ना, हे त्याच दिवशी तपासावे लागते.